दहावी जागा राखीव

‘तुमचे आजवरचे सर्वांत आवडते दहा सिनेमे कोणते?’ हा प्रश्न दिसायला निरुपद्रवी असला तरी त्याची जात कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातली आहे. विचारणाऱ्याला उत्तरात फारसा रस नसतो, मुलगा कसा आहे ते बघायचं असतं. त्यामुळे उत्तर देणाराही सावध होतो. आधी छताकडे बघतो. मग ‘असं दहांत बसवणं अवघड आहे हो’ म्हणतो. मग एक जपानी नाव घेतो आणि ते समोरच्याने ऐकलेलं निघालं तर घाईघाईने एक इराणी घेतो. तिसरा कृष्णधवल असतो. चौथ्या क्रमांकावर, आपण अगदीच हातचे गेलेलो नाही हे दाखवण्यासाठी, ‘पाथेर पांचाली’ येतो. १९५५ सालापासून तो ही जागा बिनतक्रार सांभाळतो आहे. मराठीसाठी राखीव जागा एकच. तिथे हल्ली ‘कोर्ट’ बसतो, त्याआधी ‘श्वास’ बसायचा, त्याआधी ‘सामना’.

‘अशी ही बनवाबनवी’ कुणी म्हणत नाही. म्हणजे यादीत म्हणत नाही. एरवी त्याच माणसाला लग्नाच्या मांडवात पहिलं वाक्य द्या, पुढचं सगळं दृश्य तो बायकी आवाजासकट करून दाखवतो.

प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाकडे अशा दोन याद्या असतात. एक सांगायची, एक बघायची. सांगायच्या यादीतले सिनेमे बहुधा एकदाच बघितलेले असतात. तेही फिल्म सोसायटीत, उकाड्यात, पुढे एक उंच माणूस बसलेला असताना. बाहेर चहाच्या टपरीवर ‘काय फ्रेमिंग आहे!’ असं म्हटलं की त्या सिनेमाशी असलेला व्यवहार पुरा होतो. बघायच्या यादीतले सिनेमे मात्र कुणी ठरवून बघितलेलेच नसतात. ते लागलेले असतात. आपण कपडे वाळत घालायला म्हणून उठतो, हातात ओला टॉवेल असतो, टीव्हीवर ‘सूर्यवंशम’ लागलेला असतो. टॉवेल खुर्चीवरच वाळतो.

‘सूर्यवंशम’ १९९९ साली आला तेव्हा त्याचं कुणाला विशेष कौतुक नव्हतं. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका वाहिनीने तो इतक्या वेळा दाखवला की आज देशातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून हिरा ठाकूरच्या घरची परिस्थिती विचारावी. त्या खिरीत विष आहे हे आपल्याला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. तरी वाटी पुढे आली की आमच्या काकू सोफ्यावरून पुढे सरकतात आणि ‘नको खाऊ रे’ म्हणतात. याला मी प्रेम म्हणतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ सालचा. तेव्हा तो काही धो धो चालला नाही. १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, आणि फुकटात मिळतोय म्हटल्यावर अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांनी तो दर नाताळात लावायला सुरुवात केली. आज तिथले लोक तो बघितल्याशिवाय नाताळ झाला असं मानत नाहीत. ‘शॉशँक रिडेम्प्शन’चीही तीच कथा. १९९४ साली थिएटरात आपटला, ऑस्करची सात नामांकनं मिळून हाताला एकही बाहुली लागली नाही. मग तो व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर बघता बघता जगाचा लाडका झाला. आता इंजिनिअर झालेला कुठलाही मुलगा पहिलं नाव ‘शॉशँक’ सांगतो, आणि आपल्याखेरीज हे रत्न कुणाला सापडलेलं नाही अशा चेहऱ्याने सांगतो.

हे महाशय १९९४ साली कुठे होते, असं विचारून बघावं. आपण सगळे जिथे होतो तिथेच ते होते: चौदा गाण्यांचं लग्न जेवत. ‘हम आपके हैं कौन’ पाहायला आमच्या वाड्यातून इतकी माणसं एकदम निघाली होती की वर्‍हाडच वाटावं. त्यात क्रिकेटच्या सामन्याला कुत्रा पंच असतो. त्याच्या निर्णयावर आमच्या मामांनी थिएटरातच हरकत घेतली होती.

मामांची ही हरकत आणि काकूंचं ‘नको खाऊ’ या दोन गोष्टींवरून मी माझी कसोटी ठरवली. जागतिक सिनेमाला लावावी असं माझं मत आहे. ज्या सिनेमातल्या माणसांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, तो आपला आवडता सिनेमा. ज्याच्यासमोर आपण हाताची घडी घालून गप्प बसतो, तो थोर असेल, पण त्याला सांगायच्या यादीत ठेवावं.

आमच्या घरी सल्ल्याची परंपरा जुनी. जाणकार लोक सिनेमांची वर्गवारी नुआर, वेस्टर्न, नववास्तववाद अशी करतात. आमच्याकडे प्रकार होते ते देवाचा, रडका, मारामारीचा, डोक्यावरून जाणारा आणि ‘मुलांनो, आत जा’. परदेशी सिनेमा कुठल्याही देशाचा असो, आधी शेवटच्या प्रकारात धरला जाई. निर्दोष सुटला तर डोक्यावरून जाणाऱ्यात. प्रभातचा ‘संत तुकाराम’ अर्थातच देवाचा. त्याचा व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरव झाला होता हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग! पांडुरंगाला काय पासपोर्ट लागतो?’

परप्रांत आमच्याकडे रविवारी दुपारी येत. दूरदर्शनवर मूकबधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की कुठल्या तरी भाषेतला पुरस्कारप्राप्त चित्रपट लागायचा. खाली इंग्रजी अक्षरं, पोटात आमरस. अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिप्पथायम’ म्हणजे केरळातल्या एका मोडकळीला आलेल्या घराची गोष्ट. कर्ता पुरुष दिवसभर अंगाला तेल चोळत, आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसतो. प्रत्येक गोष्टीला बहिणीला हाक मारतो. एका समारंभाला निघतो आणि वाटेत चिखल दिसला म्हणून घरी परत येतो. सरंजामशाहीच्या ऱ्हासाचं हे रूपक आहे, असं मी पुढे वाचलं. आमच्या आत्याने मल्याळमचा एक शब्द न कळता त्याच दुपारी सांगितलं होतं, ‘हिने एकदा हाकेला ओ देऊ नये. आपोआप उठेल.’ हे म्हणताना ती टीव्हीकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. काकांनी पेपर वर केला.

इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ मी पुण्यात वाढलेल्या लोकांबरोबर बघितला आहे, आणि कुणी बघू नये. गोष्ट साधी. युद्धानंतरचं रोम, नोकरी नाही, भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं पण त्याला सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते, त्या गहाण ठेवून सायकल सोडवतात. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर वर वर चढत जातो, आणि छतापर्यंत अशाच चादरींच्या थप्प्या दिसतात. साऱ्या शहराचं अंथरूण तिथे गेलेलं असतं. इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पहिल्याच दिवशी हा शिडीवर चढून पोस्टर लावत असताना चोर सायकल पळवतो. सत्यजित राय यांना हा सिनेमा लंडनमध्ये बघून आपणही असंच काही करावं असं वाटलं. पुणेकरांना राग आला. ‘कुलूप?’ माझ्या शेजारचे गृहस्थ अंधारात म्हणाले. ‘नाही, मी काय म्हणतो, कुलूप कुठाय?’ पुढचा तासभर बापलेक पावसात, बाजारात, चर्चमध्ये सायकल शोधत हिंडतात आणि हे गृहस्थ दर दहा मिनिटांनी तेच विचारतात. शेवटी बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलायला जातो, तीही बिनकुलपाची दिसल्यावर ते उठून बाहेर गेले. ‘या शहरात राहण्यात अर्थ नाही’ म्हणाले.

माझ्या कसोटीला न उतरलेलेही थोर सिनेमे आहेत, त्यांची क्षमा मागून दोन नावं घेतो. एक ‘सायको’. शॉवरखालचा तो खून चित्रित करायला हिचकॉकला आठवडा लागला होता, आणि कृष्णधवल असल्यामुळे रक्ताऐवजी चॉकलेटचा पाक वापरून भागलं. सिनेमा पाहून लोक अंघोळीला घाबरू लागले असं म्हणतात. पण आमची अंघोळ बंबाच्या पाण्याची, बादलीतून तांब्याने, आणि मोरीच्या दाराबाहेर ‘आटप लवकर’ म्हणत रांगेत उभी असलेली माणसं. एवढ्या साक्षीदारांत खुनी येणार कुठून? आम्हाला घाबरवलं ते ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूने. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्यामुळे कितीतरी घरांतल्या बाहुल्या रात्री माळ्यावर मुक्कामाला गेल्या.

दुसरा तार्कोव्हस्कीचा ‘सोलारिस’. यात भविष्यकाळातलं शहर दाखवण्यासाठी तोक्योच्या रस्त्यांवरून एक मोटार जाताना दाखवली आहे. बोगदे, पूल, पुन्हा बोगदे. हे जवळजवळ पाच मिनिटं चालतं. समीक्षक यावर बरंच काही बोलतात. मुंबईत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला त्यातलं विज्ञान लगेच पटलं. सलग पाच मिनिटं गाडी न थांबता जाते, म्हणजे भविष्यकाळच.

कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ २०७ मिनिटांचा आहे, त्यामुळे तो बघायला बसण्यापूर्वी कुकर लावून ठेवावा. लुटारूंना कंटाळलेले शेतकरी रक्षणासाठी सामुराई शोधायला निघतात. द्यायला पैसा नाही, फक्त पोटभर भात. आणि सामुराईंना तो पांढराशुभ्र भात वाढायचा म्हणून शेतकरी स्वतः भरड धान्यावर राहतात. हे कळल्यावर भाताचा वाडगा हातात घेतलेल्या म्होरक्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमचं मूळ गाव सोलापूरकडचं. तिथे घरच्यांनी भाकरी खायची आणि भात पाहुण्यापुरता, हे वडिलांनी लहानपणी भोगलेलं. ते म्हणाले, ‘सात कशाला बोलावले? दोघांत भागलं असतं.’ सलीम-जावेदनी नेमका हाच हिशेब केला. अमेरिकेने १९६० मध्ये ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ काढताना सातचे सातच ठेवले, त्यांना परवडतं. रामगढला १९७५ साली दोन माणसं पुरली.

ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ सालचा. त्याचा कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हात वर, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. त्यामुळे बघणारा आपसूक त्या घरात पाटावर बसतो. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी तोक्योला मुलांकडे येतात. मुलं वाईट नाहीत. त्यांना वेळ नाही. डॉक्टर मुलाला नेमका पेशंट येतो. मुलीचं केशभूषेचं दुकान, ती गिऱ्हाइकाला सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. मग भावंडं वर्गणी काढून दोघांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडतात, म्हणजे त्यांचीही हवापालट आणि आपलीही. तिथे रात्रभर खालच्या लोकांचा पत्त्यांसारखा खेळ आणि गाणी, म्हाताऱ्यांना झोप नाही. दोघं लवकर परत येतात तर मुलगी म्हणते, इतक्यात कशाला आलात?

हा सिनेमा आमच्या एका नातेवाईक जोडप्याबरोबर बघण्याचा योग आला. दोन्ही मुलगे परदेशी. दोघं इतकी गप्प बसली होती की माझी कसोटी फसते की काय असं वाटलं. पुढे म्हातारी जाते. दिवस होण्याआधीच, जेवणाच्या पंगतीत, तीच मुलगी अगदी सहज विषय काढते: आईचा तो ओबी आणि तो उन्हाळी किमोनो मला आठवण म्हणून हवा. त्याबरोबर मावशी एकदम टीव्हीला म्हणाल्या, ‘मागितल्याच का पाटल्या!’ आणि नवऱ्याकडे वळून, ‘उद्या बँकेत जाऊन लॉकरमध्ये नॉमिनी कोण आहे ते बघून या.’ जपानी सिनेमावरचं मी ऐकलेलं सर्वांत नेमकं रसग्रहण.

आता जगाच्या यादीकडे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना प्रत्येकी दहा सिनेमे विचारतं. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. (पुण्याचं मत बहुधा मागवलं नसावं.) मग १९६२ पासून २००२ पर्यंत ओळीने पाच वेळा ‘सिटिझन केन’. इतका काळ एकाच्या हाती अध्यक्षपद आपल्याकडे फक्त सहकारी संस्थांत दिसतं. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने सत्तांतर घडवलं. आणि २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त समीक्षकांनी मिळून पहिल्या जागी बसवला तो शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘झान दिएलमान’. १९७५ सालचा, म्हणजे ‘शोले’चा जुळा. पूर्ण नावात नायिकेचा घर क्रमांक, रस्ता आणि पिनकोडही आहे, टपाल खात्याची सोय म्हणून.

सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा. एक विधवा बाई, एक शाळकरी मुलगा, तीन दिवस. ती भांडी घासते, पलंग नीट करते, मुलाचे बूट पॉलिश करते, बटाटे उकडते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, ते गेल्यावर पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण लावते आणि स्वयंपाकाला लागते. कॅमेरा हलत नाही. प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना ती दिवा न चुकता बंद करते. आमच्या वडिलांनी एवढ्या गुणावर तिला पहिला नंबर दिला असता.

मी तो वही-पेन्सिल घेऊन बघायला बसलो. बायको मटार सोलत शेजारी होती, तिचं लक्ष नव्हतं. पहिला दिवस संपेपर्यंत तिने एकच विचारलं, ‘अहो, हिच्याकडे कुकर नाही का?’ मी ‘श्श’ केलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर बाई खोलीतून बाहेर येते आणि बटाटे जास्त शिजलेले असतात. ते पातेलं घेऊन ती इकडून तिकडे फिरते, कुठे ठेवावं सुचत नाही. मी वहीत ‘रिक्त अवकाश’ असं काहीतरी लिहीत होतो. बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘हिचं काहीतरी बिनसलंय,’ ती म्हणाली. ‘बटाटे बिघडवणारी बाई नव्हे ही. झाकण बघा, झाकणही लावलं नाही भांड्याला.’ मी मागे जाऊन बघितलं. खरंच नव्हतं.

त्यानंतर मटार बाजूला. बाई नवे बटाटे आणून सोलायला बसते, ते दृश्य सलग चालतं, आणि आमच्या घरात एखाद्या सामन्याच्या शेवटच्या षटकात नसते एवढी शांतता. मग सूचना सुरू झाल्या. ‘सुरी बदल ग.’ ‘जरा टेक थोडा वेळ.’ ‘त्या पोराला सांग की एक दिवस पाव खा म्हणून.’ तिसऱ्या दिवशी कॉफी मनासारखी होत नाही तेव्हा तर ती उठून उभी राहिली. शेवटी काय होतं ते मी सांगणार नाही. ते झालं तेव्हा मी दचकलो आणि बायको म्हणाली, ‘कालच बटाट्यांवरून कळलं होतं.’ अकरमानने हा सिनेमा केला तेव्हा ती पंचविशीत होती. सोळाशे समीक्षकांनी तो सत्तेचाळीस वर्षांनी वर आणला. मटार सोलणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर एवढा उशीर झाला नसता.

आणि ‘बनवाबनवी’? ते तुलनेशिवाय सांगता येत नाही. बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये दोन वादक बायकांचे कपडे चढवतात, कारण त्यांनी खून होताना पाहिलेला असतो आणि शिकागोचे गुंड मागे लागलेले असतात. आपल्याकडे १९८८ साली पुण्यात दोघांनी साड्या नेसल्या त्या भाड्याने खोली मिळावी म्हणून. अमेरिकेत पुरुषाला लुगडं नेसायला लावायचं तर मशिनगन लागते, इथे घरमालकीण पुरते. वास्तववाद कुणाचा पक्का, हे नववास्तववाद्यांनीच सांगावं. आणि सल्ले म्हणाल तर आजही प्रत्येक प्रयोगाला कुणीतरी लक्ष्मीकांत बेर्डेंना पदर सावरायला सांगतंच.

तर माझी यादी: ‘टोकियो स्टोरी’, ‘सेव्हन सामुराई’, ‘बायसिकल थीव्ज’ (कुलपासह), ‘एलिप्पथायम’, ‘झान दिएलमान’, ‘संत तुकाराम’, ‘शोले’, ‘सम लाइक इट हॉट’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’. भाच्याने बोटांवर मोजून हे नऊच होतात असं दाखवून दिलं. नऊच आहेत. दहावी जागा मी राखीव ठेवतो. कारण यादी कितीही विचार करून केली तरी ऐकणारा शेवटी एक नाव घेऊन ‘आणि तो नाही?’ असं विचारतोच, आणि त्याचा चेहरा पडलेला असतो. अशा वेळी वाद घालू नये. ‘अहो, तोच तर दहावा!’ म्हणावं आणि चहा मागवावा.

या जागेवर आजवर ‘एंटर द ड्रॅगन’, आत्याच्या आग्रहाखातर ‘माहेरची साडी’, देवाच्या कोट्यातून ‘जय संतोषी माँ’ आणि एका जावयांसाठी ‘बाहुबली’चे दोन्ही भाग बसून गेले. सध्या तिथे भाचीची एक कोरियन मालिका आहे. ती सिनेमा नाही हे मला ठाऊक आहे. सोळा भाग आहेत, त्यातले सहा झाले, आणि त्या नायकाला आईशी एकदा नीट बोल म्हणून मी रोज रात्री सांगतो आहे.